मोठ्या शिकारीसाठी बोल्ट-ॲक्शन रायफल निवडताना: दुसऱ्या गोळीचा विचार

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. गेली सहा-सात वर्षे आपण .३०८ विंचेस्टर कॅलिबरच्या रायफलीने हरणे आणि रानडुकरे मारत आला आहात. येत्या हंगामात एल्क किंवा मूस या मोठ्या जातीच्या हरणांच्या शिकारीला जायचे आहे आणि दोन-तीन वर्षांत आफ्रिकेतील रानरेड्याची, म्हणजे केप बफेलोची, शिकार करण्याचा मानस आहे. या दोन्हींसाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्यावी की .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड), बोल्टची (काडतूस नळीत सारून मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) रचना मॉझर पद्धतीची असण्याला आजच्या काळात काही अर्थ उरला आहे का, आणि जुनी रायफल घेणे शहाणपणाचे ठरेल का, असे आपण विचारले आहे.

शिकारीला आलेल्या पाहुण्यांच्या रायफली तपासणे, त्यांचा नेम जुळवून देणे आणि त्यानंतर त्यांच्यासोबत रानात जाणे हे माझे बरीच वर्षे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपण जो प्रश्न विचारला आहे तो कॅलिबरचा दिसत असला तरी मुळात तो दुसऱ्या गोळीचा आहे. पहिली गोळी बहुतेक जण शांतपणे, टेकू घेऊन, वाटाड्याने ‘मारा’ म्हटल्यावर झाडतात. ती योग्य जागी लागली तर जवळजवळ कोणतीही रास्त रायफल चालते. ती तीन बोटे मागे लागली, जनावर वळले आणि दाट झाडीकडे निघाले, की पुढच्या दोन-तीन सेकंदांत रायफल आणि ती धरणारा मनुष्य या दोघांची खरी परीक्षा होते. त्या क्षणी बोल्ट अडला, खांद्याला बसलेल्या धक्क्याच्या भीतीने डोळे मिटले गेले किंवा दुर्बिणीत जनावर सापडलेच नाही, तर एका जिवाला तासन्तास यातना होतात आणि माग काढणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. म्हणून रायफल पाहताना मी प्रत्येक गोष्ट याच निकषावर तोलतो, आणि आपणही तसेच करावे अशी माझी विनंती आहे.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. जिथे शिकार करायची तिथला कायदा सर्वांत पहिला. जर्मनीत रो नावाचे लहान हरीण वगळता इतर हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी किमान ६.५ मिमी व्यासाची गोळी आणि १०० मीटरवर किमान २००० ज्यूल ऊर्जा लागते. स्वीडनमध्ये मूससाठी ९ ग्रॅमची गोळी असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल आणि १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २००० ज्यूल असा नियम आहे. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच किमान मर्यादा धरतात, तर काही ठिकाणी ९.३ मिमी चालते. आपल्या परवान्याच्या अटी लेखी मागवून घ्याव्यात. त्याखेरीज आपली उंची, हातांची लांबी, डावा की उजवा डोळा प्रबळ आहे, डोंगर चढायचा आहे की दाट झाडीत फिरायचे आहे, आणि महिन्याला आपण प्रामाणिकपणे किती काडतुसे सरावात झाडू शकता, या गोष्टी मला ठाऊक नाहीत. शेवटची गोष्ट तर इतकी महत्त्वाची आहे की तिच्या उत्तरावर पुढचे बरेचसे ठरते.

आता कॅलिबरकडे येतो. एल्क आणि मूस यांच्यासाठी आपल्याकडे असलेली .३०८ पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी ती सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने फेकते. १९०६ पासून वापरात असलेली .३०-०६ स्प्रिंगफील्ड १८० ग्रेनची गोळी जवळपास त्याच वेगाने फेकते आणि नळीच्या तोंडाशी सुमारे ३९५० ज्यूल ऊर्जा देते. .३०० विंचेस्टर मॅग्नम तीच १८० ग्रेनची गोळी सुमारे ९०० मीटर वेगाने फेकते, म्हणजे ऊर्जा ४७०० ज्यूलच्या घरात जाते. हा फरक खरा आहे, पण तो उपयोगी पडतो तो तीनशे मीटरच्या पुढे, जिथे तिची गोळी कमी खाली येते. .३०-०६ चा नेम १८० मीटरवर जुळवला तर १८० ग्रेनची गोळी ९० मीटरवर सुमारे ५ सेंटिमीटर वर आणि २७५ मीटरवर सुमारे २० सेंटिमीटर खाली लागते. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग २५ ते ३० सेंटिमीटरहून लहान नसतो. याचा अर्थ असा, की अडीचशे मीटरपर्यंत फारसा हिशेब न करता नेम धरता येतो, आणि मी पाहिलेल्या शिकारींपैकी बहुतेक गोळ्या याच्या आतच झाडल्या गेल्या.

वाढीव वेगाची किंमत खांद्याला मोजावी लागते, आणि ती किती असते हे आकड्यांत पाहिले पाहिजे. ३.६ किलोच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का साधारण २७ ज्यूल भरतो, तर त्याच वजनाच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा सुमारे ३६ ज्यूल, म्हणजे एक तृतीयांश जास्त. ४.१ किलोच्या रायफलीत .३७५ एच अँड एच सुमारे ५५ ज्यूलचा धक्का देते, आणि ४.५ किलोची .४१६ रिग्बी ८० ज्यूलच्या जवळ पोहोचते. दुर्बीण, पट्टा आणि काडतुसे यांचे वजन जमेस धरले की हे आकडे थोडे उतरतात, पण त्यांचे परस्पर प्रमाण फारसे बदलत नाही. .३७५ चा धक्का एकूण मोठा असला तरी तो ढकलल्यासारखा येतो आणि .३०० मॅग्नमचा तडाख्यासारखा येतो, असे नेमबाज सांगतात. वजनदार, मापात बसणाऱ्या .३७५ ला घाबरणारे लोक मी फार कमी पाहिले आणि हलक्या .३०० ला घाबरणारे पुष्कळ पाहिले.

दचकणे ही गोष्ट माणसाला स्वतःची स्वतःला कळत नाही. एक पाहुणे नवी कोरी .३०० मॅग्नम घेऊन आले होते आणि त्यांच्या गोळ्या शंभर मीटरवर ताटाएवढ्या जागेत विखुरत होत्या. दुर्बीण सैल असावी असे त्यांचे म्हणणे होते. मी मॅगझीन माझ्या हाताने भरू लागलो आणि त्यांना न सांगता मधूनच एक रिकामे, सरावाचे काडतूस घातले. चाप ओढताच गोळी सुटली नाही, आणि नळीचे तोंड मात्र चार बोटे खाली गेले. त्यांनी ते स्वतः पाहिले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. आम्ही त्यांना माझी .३०-०६ दिली, दोन दिवस टेकूवरून आणि गुडघ्यावर बसून सराव केला, आणि चौथ्या दिवशी त्यांनी एकाच गोळीत मोठा एल्क पाडला. हा प्रयोग आपण आपल्या .३०८ वर मित्राच्या मदतीने करून पाहावा. उत्तर स्वच्छ आले तरच मोठ्या कॅलिबरचा विचार पुढे न्यावा.

येथे गोळीविषयी थांबून बोलणे भाग आहे, कारण कॅलिबरच्या वादात ती नेहमी मागे पडते. १९४६ मध्ये कॅनडात मूसची शिकार करताना जॉन नॉस्लर यांच्या .३०० एच अँड एच मॅग्नमच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या जाड खांद्यावर फुटून गेल्या आणि आत पोहोचल्याच नाहीत. त्यातून त्यांनी मधे तांब्याचा आडवा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग फुलतो आणि मागचा भाग जड राहून आत शिरत जातो. लक्षात घ्यावे की त्यांच्याकडची रायफल मॅग्नमच होती. कमी पडली ती गोळी. मोठ्या जनावरासाठी मी पडद्याची, शिसे आवरणाला घट्ट जोडलेली किंवा संपूर्ण तांब्याची गोळीच सुचवतो. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, त्यामुळे तिला नळीतील आट्यांचा पीळ पुरेसा घट्ट लागतो. दहा इंचात एक फेरा असलेल्या .३० इंच व्यासाच्या नळीत अडचण येत नाही, बारा इंचाच्या पिळात जड तांब्याची गोळी आधी कागदावर तपासून घ्यावी. रानरेड्यासाठी .३७५ मध्ये ३०० ग्रेनची गोळी हे जुने आणि पारखलेले माप आहे.

या विषयावर बोलताना कोणीतरी हमखास हत्तींचे प्रसिद्ध शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांचे नाव घेते. त्यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुसंख्य ७ × ५७ मॉझरसारख्या लहान काडतुसाने. ही गोष्ट खरी आहे, पण तिचा अर्थ लावताना गफलत होते. बेल यांनी हत्तीच्या कवटीची रचना कापून अभ्यासली होती, ते न फुलणारी, लांब आणि जड गोळी वापरत, आणि फारशी शिकार न झालेल्या कळपांच्या अगदी जवळ जाऊन पूर्ण शांतपणे नेम धरत. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचे ते शरीररचनेचे ज्ञान, कॅलिबर नव्हे.

आता आपला दुसरा प्रश्न, बोल्टच्या रचनेचा. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या गोळीशी याचा थेट संबंध आहे. १८९८ च्या मॉझर रायफलीत बोल्टच्या उजव्या अंगाला एक लांब, रुंद पंजा असतो. बोल्ट पुढे सरकताना काडतूस मॅगझीनमधून वर येते आणि त्याची मागची कड त्याच क्षणी या पंजाखाली सरकते. म्हणजे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) शिरण्यापूर्वीच काडतूस बोल्टच्या ताब्यात असते. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला नुसते पुढे ढकलतो आणि बोल्टची मूठ पूर्ण खाली बसताना छोटा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस मागे ओढणारी आकडी, कडेवर चढतो. १९६२ मध्ये आलेली रेमिंग्टन ७०० या दुसऱ्या पद्धतीची आहे, आणि तिचा बोल्ट काडतुसाच्या मागच्या भागाला पोलादाने सर्व बाजूंनी वेढतो, म्हणून ती मजबूत आणि अचूकही असते. विंचेस्टर मॉडेल ७० ही १९३६ मध्ये मॉझर पद्धतीच्या पंजासह आली, १९६४ मध्ये कंपनीने खर्च कमी करण्यासाठी तो काढला, शिकाऱ्यांनी त्यावर इतकी नाराजी दाखवली की ‘चौसष्टपूर्व’ रायफली वेगळ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या, आणि १९९० च्या दशकात तो पंजा परत आला.

हरणाच्या शिकारीत या दोन पद्धतींत आपल्याला फरक जाणवणार नाही. फरक पडतो तो घाईत. ढकलणाऱ्या बोल्टच्या रायफलीत काडतूस अर्धे चेंबरमध्ये गेले, मूठ खाली न बसवताच घाबरून बोल्ट मागे ओढला गेला, तर ते काडतूस नळीतच राहते. पुढच्या धक्क्यात दुसरे काडतूस त्याच्या पाठीवर आदळते आणि रायफल अडते. माझ्या डोळ्यांदेखत हे एकदा घडले आहे. जखमी इलंड (आफ्रिकेतले मोठे हरीण) झाडीत शिरत होते, शिकारी अनुभवी होता, रायफल उत्तम होती, आणि तरीही त्याला मॅगझीनचे बूड उघडून काडतुसे खाली पाडावी लागली. इलंड आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडले. मॉझर पद्धतीत अर्धवट ढकललेले काडतूस बोल्टबरोबर मागे येते आणि बाहेर पडते, म्हणून असा गोंधळ होण्याची शक्यता फार कमी असते. शिवाय उष्णतेने फुगलेल्या, चिकटलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचे) ओढून काढायला रुंद पंजाची पकड जास्त भरवशाची असते. काडतुसे उन्हात तापली की दारूचा दाब वाढतो आणि पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते. तापलेल्या गाडीत किंवा उन्हातल्या दगडावर काडतुसे ठेवू नयेत, हे मी प्रत्येक पाहुण्याला पहिल्या दिवशी सांगतो.

पंजाच्या रायफलीलाही तिच्या सवयी आहेत. तिचा इजेक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणारा भाग, बहुधा स्थिर पात्याचा असतो, त्यामुळे बोल्ट हळू ओढला तर पुंगळी हळू पडते आणि जोरात ओढला तर दूर उडते. बोल्ट कचरत ओढणाऱ्याची पुंगळी आतच रेंगाळते. काही पंजे चेंबरमध्ये हाताने टाकलेल्या काडतुसावर चढत नाहीत, म्हणून काडतूस नेहमी मॅगझीनमधूनच भरायची सवय लावावी. माझा निष्कर्ष असा, की एल्क-मूससाठी आपल्याला जी पद्धत सवयीची आहे ती ठेवावी, पण रानरेडा, हत्ती किंवा मोठे अस्वल यांच्यासमोर उभे राहायचे असेल तर मॉझर पद्धतीचा बोल्टच घ्यावा. सरळ ओढायच्या बोल्टच्या रायफली वेगवान असतात आणि अनेक जण त्या उत्तम वापरतात; पण ज्याचे हात वर्षानुवर्षे मूठ उचलून ओढायला शिकले आहेत, त्याने ऐन धोक्याच्या शिकारीआधी ती सवय बदलू नये.

सेफ्टीकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून दोन वाक्ये. काही रायफलींत सेफ्टी फक्त चापाला अडवते, तर तीन अवस्थांच्या जुन्या पद्धतीत ती थेट फायरिंग पिनला धरून ठेवते. पिन धरून ठेवणारी सेफ्टी मला जास्त विश्वासाची वाटते, आणि तिच्या मधल्या अवस्थेत पिन अडकलेली असतानाच बोल्ट उघडून रायफल रिकामी करता येते, हा रोजच्या वापरातला मोठा फायदा आहे. चाप दीड किलोच्या आसपास, स्वच्छ आणि एका जागी तुटणारा असावा. लक्ष्यावरच्या स्पर्धेसाठी असतो तितका हलका चाप थंडीने बधिर झालेल्या बोटाला धोकादायक ठरतो.

दस्त्याच्या मापाबद्दल मी आग्रही आहे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीचे पूर्ण वर्तुळ मान न हलवता दिसले पाहिजे. हे दहा वेळा करून पाहावे. मान पुढे न्यावी लागत असेल तर दस्ता लांब आहे, कपाळाजवळ दुर्बीण येत असेल तर तो आखूड आहे, आणि गाल वर उचलावा लागत असेल तर दुर्बीण उंच बसवली आहे. हिवाळी जाड कपडे घालून शिकार करणार असाल तर हीच चाचणी त्याच कपड्यांत करावी. गालाखालची रेषा जितकी सरळ, तितका धक्का सरळ मागे जातो आणि गालावर आदळत नाही. लाकडी दस्ता दिसायला आणि हाताळायला सुंदर असतो; मात्र ओल धरून तो फुगला आणि नळीला टेकला की नेम सरकतो. बाहेर सतत पाऊस असेल तर कृत्रिम दस्ता बरा, आणि लाकडीच हवा असेल तर नळी आणि लाकूड यांमध्ये जाड कागद सहज सरकेल एवढी फट ठेवून आतले लाकूड सीलबंद करून घ्यावे. .३७५ आणि त्यापुढच्या कॅलिबरमध्ये दस्त्याच्या लाकडातून आडवे गेलेले दोन पोलादी स्क्रू आहेत का ते पाहावे. ते नसतील तर धक्क्याने लाकूड मॅगझीनच्या मागे चिरू शकते.

लांबी आणि वजन यांचाही काडतुसाशी संबंध आहे. .३०८ चे पूर्ण काडतूस सुमारे ७१ मिमी, .३०-०६ चे ८५ मिमी, .३७५ एच अँड एच चे ९१ मिमी आणि .४१६ रिग्बीचे ९५ मिमी लांब असते. लहान काडतुसासाठी बनवलेली ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मधला भाग) कोरून .३७५ साठी वापरलेली आढळते. तशी घेऊ नये, कारण कोरण्यात लॉकिंग लगच्या (बोल्टला जागी अडकवणाऱ्या दातांच्या) मागचा आधारच पातळ होऊ शकतो आणि काडतुसे मॅगझीनमध्ये तिरपी बसतात. .३७५ ची पुंगळी १९१२ पासून तशीच निमुळती आहे आणि ती चेंबरमध्ये सहज सरकते, हे तिच्या टिकून राहण्याचे एक कारण आहे. दुर्बिणीसह .३०-०६ वर्गातली रायफल ३.५ ते ३.९ किलो आणि .३७५ साधारण ४.३ ते ४.७ किलो असावी. चढण लांब असेल तरी .३७५ फार हलकी घेऊ नये. वाचवलेले वजन धक्क्यात परत येते.

दुर्बीण जितकी मोठी तितकी चांगली, हा समज झाडीत महागात पडतो. रानरेड्यासाठी १ ते ४ किंवा १.५ ते ५ पट मोठे दाखवणारी, डोळ्यापासून किमान ९ सेंटिमीटर अंतर देणारी दुर्बीण पुरेशी आहे; चाळीस मीटरवरचे धावते जनावर बारा पटीच्या दुर्बिणीत केसांच्या काळ्या भिंतीसारखे दिसते आणि खांदा कुठे आहे ते कळत नाही. एल्कसाठी २ ते ७ किंवा ३ ते ९ पट ठीक. शिवाय धोकादायक जनावरांच्या रायफलीवर दुर्बिणीविना नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाला माशी आणि मागे व्ही-आकाराची खाच असावी, आणि दुर्बीण हत्याराविना काढता येणारी असावी. ती काढून पुन्हा लावल्यावर नेम तिथेच राहतो की नाही हे पाच वेळा तपासावे. दुर्बीण बसवण्याच्या मी तपासलेल्या निम्म्या जोडण्या पहिल्या प्रयत्नात या कसोटीला उतरल्या नाहीत.

या सगळ्यावरून आपल्यासाठी माझे उत्तर असे बनते. .३०० मॅग्नम घेऊ नये. ती एल्कसाठी गरजेपेक्षा जास्त आणि रानरेड्यासाठी कमी आहे, आणि तिच्यावर खर्च झालेला पैसा दोन्ही कामांत अर्धाच उपयोगी पडेल. या हंगामात आपली .३०८ घ्यावी, १६५ किंवा १८० ग्रेनची मजबूत बांधणीची गोळी निवडावी, आणि स्वतःची मर्यादा अडीचशे मीटर ठरवून तीन पायांच्या टेकूवरून, गुडघ्यावरून आणि उभ्याने सराव करावा. .३७५ एच अँड एच, मॉझर पद्धतीच्या बोल्टची, रानरेड्याच्या शिकारीच्या किमान एक वर्ष आधी घ्यावी. पहिल्या दोन महिन्यांत हलक्या भरणीची काडतुसे वापरावीत आणि मग पूर्ण ताकदीची. एका बैठकीत दहाहून अधिक झाडू नयेत, टेबलावर वाकून तर कमीत कमी झाडावीत, कारण त्या अवस्थेत शरीर मागे सरकत नाही आणि धक्का सगळा खांद्यात जिरतो. दोन गोळ्यांमध्ये रायफल खांद्यावरून न उतरवता बोल्ट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे मारण्याची सवय सरावाच्या काडतुसांवर घरीच, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, लावावी.

जुनी रायफल घेण्याला माझी हरकत नाही, माझी स्वतःची .३७५ माझ्याहून वयाने मोठी आहे. मात्र तपासणी क्रमाने करावी. बोल्ट काढून नळीत मागून उजेड पाहावा: आटे तोंडापर्यंत धारदार हवेत आणि चेंबरच्या पुढच्या काही सेंटिमीटरमध्ये भाजलेल्या मातीसारख्या भेगा नसाव्यात. नळीच्या तोंडाची कड एकसारखी हवी, कारण तिथला छोटा टवका गोळीला तिरकी पाठवतो. मग दुरुस्ती करणाऱ्याकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकते तिथपर्यंतची जागा, मोजून घ्यावी; या मोजणीला पर्याय नाही. लॉकिंग लग दोन्ही सारखे घासलेले आहेत का, दस्त्यात टँगच्या (ॲक्शनच्या मागच्या पातळ शेपटीच्या) मागे चीर आहे का, स्क्रूच्या खाचा अडाणी हातांनी बिघडल्या आहेत का, हे पाहावे.

शेवटी मॅगझीन पूर्ण भरून, पूर्ण ताकदीची काडतुसे झाडून पाहावे. मी एकदा एका ओळखीच्या माणसासाठी सुरेख दिसणारी .३७५ तपासली, कागदावर तिच्या तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जात होत्या. पण त्या सगळ्या एकेक काडतूस भरून झाडल्या होत्या. मॅगझीन भरून पहिली गोळी झाडताच धक्क्याने मॅगझीनच्या बुडाचे झाकण उघडले आणि उरलेली तिन्ही काडतुसे माझ्या बुटांवर पडली. झाकणाच्या खटक्याची कड झिजली होती. ती बदलून, तिच्यावर नवी स्प्रिंग बसवून आणि भरलेल्या मॅगझीनने चाळीस गोळ्या झाडून झाल्यावरच मी त्यांना ती घेण्यास हो म्हटले.